जशुभाईंचा मंगळ

अनय आणि रेवा, मागच्या रविवारी तुम्ही दोघांनी मला फोनवर तो अवकाशातला सिनेमा लावून दिलात आणि संपल्यावर विचारलंत, "आजी, कसा वाटला?" मला झोप लागली होती हे तुम्हाला कळलंच असेल, कारण माझा कॅमेरा चालू होता. राग मानू नका. त्यातलं यान इतकं चकचकीत आणि बिनचूक होतं की माझं लक्षच लागेना. जाग आल्यावर मी बोलून गेले की आमच्या वेळच्या सिनेमातलं यान याहून चांगलं होतं, त्याच्या टोकावर पितळेचा कळस होता. त्यावर तुम्ही इतके हसलात की पुढचं सांगायचं राहून गेलं. म्हणून हे लिहून पाठवते आहे. दुसरं कारण असं की तो आमच्या वेळचा सिनेमा पाहिलेल्या आपल्या घरातल्या माणसांत आता आम्ही दोघीच उरलो आहोत, मी आणि सुमाआत्या. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. गोष्ट ओळीनं सांगावी, मधेच उड्या मारू नयेत, असं तिथल्या बाईंनी डोक्यात पक्कं बसवलं आहे. तेव्हा ओळीनंच सांगते.

आम्ही तेव्हा प्रतापनगरला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. तुमचे पणजोबा, म्हणजे माझे बाबा, तिथल्या कारखान्यात होते. घर लहान, दोन खोल्या आणि मागे पडवी, पण आवाज मात्र मोठ्या घराला पुरतील इतके. सकाळी कारखान्याचा भोंगा व्हायचा, त्यावर माझी आजी दूध तापायला ठेवायची. मग सायकलींच्या घंट्या, मग छोट्या गाडीची शिटी. ही छोटी गाडी इतकी सावकाश जायची की आई तिला ओलांडून पलीकडे भाजी घेऊन यायची आणि गाडी अजून तिथंच असायची. घरात आम्ही मराठी बोलायचो, पण दारातून बाहेर पाऊल टाकलं की तोंडात आपोआप गुजराती यायचं, आणि परत येताना त्यातलं थोडं चपलेला चिकटून आत यायचं. आजी तर देवालासुद्धा "बस ने आता" म्हणायची. संध्याकाळी पडवीत शेंगदाणे भाजल्याचा वास असायचा, आणि त्याच पडवीत कंदिलाएवढ्या दिव्याखाली सुमाआत्या मुलींच्या वह्या तपासत बसायची.

सुमाआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. उंच, सावळी, चष्मा नाही, आवाज असा की मागच्या बाकावरची मुलगीसुद्धा दचकावी. तिचं लग्न जमत नव्हतं. आता तुम्हाला 'लग्न जमणं' म्हणजे काय ते सांगायला हवं. मुलाकडची चार-पाच माणसं घरी यायची, सोफा नसल्यामुळे शेजारून खुर्च्या आणल्या जायच्या, आई पोहे करायची आणि आत्या ते घेऊन बाहेर जायची. मग ती माणसं विचारायची. नाव काय, शिक्षण किती, हे तर विचारायचेच. पण मग कुणी म्हणायचं, जरा त्या दारापर्यंत जाऊन या. म्हणजे पाय सरळ पडतात का ते बघायचं. कुणी केस मोकळे सोडायला सांगायचं. कुणी गाणं म्हणायला सांगायचं. हे सगळं अगदी गोड बोलून, पोहे खात खात. मी आणि आई स्वयंपाकघराच्या दारामागे उभ्या असायचो. शेवटी मुलाचे वडील उठायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, "विचार करून कळवतो." ते कळवायचे नाहीत. उरलेले पोहे आम्ही रात्री खायचो. मला पोहे फार आवडायचे, त्यामुळे आत्याला बघायला कुणी येणार म्हटलं की मला आनंद व्हायचा. त्या वयात माणूस असाच असतो.

अशाच एका दिवाळीत आत्याची गोष्ट एका अंकात छापून आली. गोष्टीचं नाव 'तपासणी', आणि वर छापलं होतं, विज्ञानकथा. त्या एका शब्दानं घोटाळा केला. बाबांनी अंक कारखान्यात नेऊन सगळ्यांना दाखवला, पण वाचला नाही, कारण विज्ञानातलं आपल्याला काय कळणार. आई म्हणाली, फराळाची गडबड संपली की वाचते. आजीला अक्षर दिसत नव्हतं. मी तेव्हा मराठी अडखळत वाचायची, आणि पहिल्याच ओळीत 'गुरुत्वाकर्षण' आल्यावर मी अंक मिटला. साऱ्या क्वार्टर्समध्ये आत्याचं कौतुक झालं आणि एकानंही ती गोष्ट वाचली नाही.

वाचली ती जशुभाईंनी. खरं तर त्यांनी ऐकली, त्यांच्या मराठी मुनीमाकडून. जशुभाईंचा मांडवीत, म्हणजे जुन्या बाजारात, मंडपाचा धंदा होता. लग्नाचे मंडप, झालरी, खुर्च्या, नवरा-नवरीची लाल मखमली सिंहासनं, सगळं भाड्यानं मिळायचं. त्यांना आयुष्यात एक फिल्लम काढायची होती. ते स्कूटरवरून आमच्या घरी आले, हातात लिल्या, म्हणजे ओलसर चिवड्याचा पुडा, आणि गोष्टीचं कौतुक करत आत्याला म्हणाले, "बेन, तमारी वार्ता बहु सरस छे. आपणे फिल्लम बनाविये." आत्यानं मोबदल्याचं काही विचारलं नाही. एकच अट घातली: गोष्टीचा शेवट बदलायचा नाही. "बाकी काय हवं ते करा जशुभाई, पण शेवट माझा." जशुभाईंनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. "जेवी वार्ता, एवी ज फिल्लम. तमे चिंता ना करो." तुम्ही हे लक्षात ठेवा. आत्याला नाव नको होतं, पडद्यावर दिसायचं नव्हतं. तिला तो शेवट हवा होता, कारण त्या गोष्टीत तिचं स्वतःचं म्हणून काही होतं तर तेवढंच.

मंगळ त्यांनी मही नदीच्या कोतरांत, म्हणजे काठच्या घळींत उभा केला, तिथली माती तांबूस आहे म्हणून. आम्ही मुलं ट्रकमधून बघायला गेलो होतो. यान म्हणजे पत्र्याची पाण्याची टाकी, तिला चंदेरी कागद चिकटवलेला, आणि वर मंडपाचा कळस. खालून लोबानाचा धूर. यान उतरत आहे असं दाखवण्यासाठी टाकी हलवायची नाही, कॅमेरा वर उचलायचा, असं ठरलं होतं. पण कॅमेरा उचलणाऱ्याला लोबानानं शिंक आली आणि मंगळावर भूकंप झाला. जशुभाई म्हणाले, राहू दे, मंगळ आहे, होतही असेल. मंगळावरच्या मुलीला हिरवा रंग लावला होता आणि डोक्यात विणकामाच्या दोन सुया खोचल्या होत्या. ऊन इतकं होतं की दुपारपर्यंत ती पोपटी झाली आणि संध्याकाळी जवळजवळ आपल्यासारखी. एक म्हैस मंगळावरून शांतपणे चालत गेली. तिलाही राहू दिलं.

सिनेमा तयार होईपर्यंत मधुकर नावाच्या मुलाचं स्थळ आलं होतं. मुलगा रिफायनरीत इंजिनिअर, अबोल, पुढचे केस विरळ झालेले. बोलायचं काम त्याची आई करायची. तिला आम्ही काकू म्हणायचो. काकूंनी आत्याला चालायला लावलं, केस बघितले, आणि मग आपल्या पर्समधून सुई-दोरा काढून म्हणाल्या, "विज्ञान शिकवतेस, डोळ्यांवर ताण येत असेल. एवढा दोरा ओव बघू." आत्यानं एका फटक्यात ओवला. काकू म्हणाल्या, विचार करून कळवतो. पण यावेळी त्यांचा सूर बरा होता, आणि बाबांना वाटलं की फक्त एक धक्का द्यायची गरज आहे. तो धक्का कोणता द्यावा याचा विचार करता करता त्यांना सिनेमा आठवला. मुलीच्या गोष्टीवर सिनेमा निघतो म्हणजे काय चेष्टा आहे! त्यांनी मधुकरकडच्या सगळ्यांना पहिल्या दिवशीच्या तीनच्या खेळाचं आमंत्रण दिलं.

आत्या पडवीतून उठून आत आली. "दादा, त्यांना नको बोलावू."

"लाजतेस कसली?"

"लाजत नाही. तू गोष्ट वाच आधी, मग बोलाव."

"अगं, त्यातलं रॉकेटबिकेट मला काय कळतंय! त्यांचा मुलगा इंजिनिअर आहे, त्याला कळेल."

थिएटर मांडवीच्या दरवाजाजवळ होतं. दारात जशुभाईंनी स्वतःचाच मंडप घातला होता आणि आत येणाऱ्या प्रत्येकावर गुलाबपाणी शिंपडलं जात होतं. पोस्टरवर मोठ्या अक्षरांत 'मंगळनी वहु', म्हणजे मंगळाची सून. आत्या ते वाचून जागीच थांबली. "जशुभाई, माझ्या गोष्टीचं नाव वेगळं होतं." जशुभाई म्हणाले, "बेन, 'तपासणी' लिहिलं तर लोकांना दवाखाना वाटेल." आजीनं मला पोस्टर वाचायला लावलं आणि कपाळावर हात मारला. "मुलीला मंगळ आहे हे भिंतीवर कशाला लिहायचं गं?" बाबांनी काकूंना रांगेत मधोमध, पंख्याखाली बसवलं. आमच्यामागे अर्धी प्रतापनगर क्वार्टर्स बसली होती. आत्या अगदी कडेला बसली, माझ्या शेजारी, आणि तिनं माझं मनगट धरून ठेवलं.

पहिला भाग छान गेला. यान उतरलं, भूकंप झाला, म्हशीला टाळ्या पडल्या. मधुकर एकदा हलक्या आवाजात म्हणाला, "इंधन कोणतं वापरलं असेल?" आणि बाबा खूश होऊन आमच्याकडे वळून बघू लागले. मग मंगळावरची मुलगी पृथ्वीवर पकडली जाते आणि तिला प्रयोगशाळेत आणतात. प्रयोगशाळा म्हणजे गुलाबी झालरींचा मंडप आणि ट्यूबलाइट. पांढरे कोट घातलेले शास्त्रज्ञ लाकडी खुर्च्यांवर पायावर पाय टाकून बसलेले, आणि प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर 'जशुभाई मंडप सर्विस'. एक शिपाई चहा आणून देतो. मुलगी मान खाली घालून उभी. मुख्य शास्त्रज्ञ बशीत चहा ओततो, फुरका मारतो आणि म्हणतो, "जरा चाली बतावो, बेन."

मुलगी दारापर्यंत जाऊन येते.

मागून कुणीतरी बाई फिस्सकन हसली. केस खरे आहेत का, असं शास्त्रज्ञानं विचारलं, "वाळ साचा छे?" आणि मुलीनं केस सोडून दाखवले, सुयांसकट. आता पाच-सहा जणी हसत होत्या. "गातां आवडे छे?" मुलगी मंगळाच्या भाषेत गाते. सारं थिएटर हसत होतं, मराठी, गुजराती सगळं. फक्त आमची रांग गप्प होती. आणि मग मुख्य शास्त्रज्ञ कोटाच्या खिशात हात घालतो आणि सुई-दोरा काढतो.

"अगं बाई," काकू मोठ्यानं म्हणाल्या, "हे तर माझं!"

सुई-दोऱ्याची बातमी क्वार्टर्समध्ये कधीच पोचली होती. मागच्या चार रांगा उठून आमच्या रांगेकडे बघायला लागल्या. बाबा पुटपुटले, "विज्ञान आहे हो ते, विज्ञान." पडद्यावर शास्त्रज्ञ उठले, त्यांनी हात जोडले आणि एका सुरात म्हणाले, "विचारीने जणावीशुं." टाळ्यांच्या कडकडाटात कुणाला काही ऐकू येईना.

आत्याचं लक्ष मात्र यातल्या कशाकडेच नव्हतं. ती शेवटाची वाट बघत होती. माझ्या मनगटावर तिच्या बोटांचे वळ उठले. आणि शेवट आला तो असा, की मुख्य शास्त्रज्ञाच्या मुलाचं त्या मुलीवर प्रेम बसतं, तोच मंडप, तीच गुलाबी झालर, त्यात लाल मखमली सिंहासनं, भटजी, मंगळावरून आलेले वऱ्हाडी, आणि गरबा. मुलगी आनंदानं मान खाली घालते. आत्या उभी राहिली आणि तिच्या वर्गातल्या आवाजात म्हणाली, "हा शेवट नाही!"

"बेसो ने, बेन!" मागून कुणीतरी ओरडलं.

"ही गोष्ट माझी आहे आणि हा तिचा शेवट नाही. जशुभाई, तुम्ही शब्द दिला होता!"

जशुभाई पहिल्या रांगेत गळ्यात हार घालून बसले होते. ते उठले, खरोखर दुःखी चेहऱ्यानं वळले आणि गरब्याच्या आवाजावर ओरडून म्हणाले, "बेन, मंडप तो घरनो ज हतो! मंडप ऊभो होय ने लगन ना थाय, तो अपशुकन कहेवाय!" म्हणजे मंडप घरचाच, आणि तो उभा असून लग्न न लावणं अपशकुनाचं.

बाहेर व्हरांड्यात काकूंनी बाबांना गाठलं. "चारचौघांत बोलावून आमची शोभा केलीत? घरी येऊन गेल्यावर तिनं ही गोष्ट लिहिली काय?"

"काकू," आत्या म्हणाली, "गोष्ट तुम्ही यायच्या आधीची आहे. सुई तुमच्याआधीही एकीनं आणली होती."

काकूंना हे जास्तच लागलं. बाबा घाम पुसत उभे. आजी म्हणाली, चिवडा तरी खा ने कुणीतरी. आणि तेवढ्यात मधुकर, जो बघायला आला तेव्हा एक अक्षर बोलला नव्हता, तो आत्याला म्हणाला, "मग मूळ शेवट काय आहे?"

आत्यानं त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं असावं. "ती मुलगी मुख्य शास्त्रज्ञाच्या खुर्चीत जाऊन बसते. म्हणते, आता तुम्ही चाला. त्यांना काही सुचत नाही, म्हणून ते चालतात. एकेक करून सगळे. मग ती म्हणते, विचार करून कळवते, आणि निघून जाते."

"असं होय," मधुकर म्हणाला. त्यानं आपल्या हातातली शेंगदाण्याची पुडी बाबांना दिली आणि तो चालू लागला.

"मधू, हे काय!" काकू ओरडल्या. तो तिकिटाच्या खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. सहाच्या खेळाला आलेली माणसं बाजूला झाली, त्यांना वाटलं हाही जाहिरातीचाच भाग आहे. जशुभाई म्हणाले, "वाह, हीरो!"

आत्या हसली नाही. "केस खरे आहेत?"

"पुढचे गेले. राहिलेले खरे आहेत."

"सुईत दोरा?"

मधुकरनं हात पुढे केला. "आई, सुई दे." आणि काकूंनी, काय होतं आहे हे कळायच्या आत, पर्स उघडून ती दिली. त्याला काही केल्या ओवता येईना. त्यानं दोरा ओला केला, चष्मा वर सरकवला. आजी म्हणाली, "उजेडाकडे धर ने, बाळा." शेवटी दोरा गेला. मधुकरचा चेहरा उजळला, आणि त्यानं ती सुई उंच धरून आईला दाखवली.

आत्या म्हणाली, "विचार करून कळवते."

घरी आल्यावर बाबांनी कपाटावरचा दिवाळी अंक काढला आणि पडवीत बसून 'तपासणी' वाचली. आम्ही जेवलो, ते जेवले नाहीत. मग ते आत आले आणि म्हणाले, "सुमे, हे सगळं मी आपल्याच घरात बसून बघितलंय."

"हो दादा."

"मग यात मी कुठं आहे?"

आत्या वह्यांवरून मान वर न करता म्हणाली, "तो चहा आणणारा शिपाई."

बाबांनी अंक मिटला. म्हणाले, "त्याला एक तरी वाक्य द्यायचंस." आणि मग त्यांनी जेवायला वाढून घेतलं.

आत्यानं खरंच विचार केला. मधुकर तिला आवडला होता असं मला आज वाटतं. ती त्या दिवसांत पडवीत उगाच येरझाऱ्या घालायची. मग तिनं बाबांना नकार कळवायला पाठवलं. आमच्या घरातून मुलीकडून नकार जाण्याची ती पहिली वेळ, त्यामुळे काय घालून जावं हेही बाबांना कळेना. ते कोट घालून गेले. परत आले ते गोंधळलेले. काकू पडद्याआड रडत होत्या, म्हणाले, आणि मधुकर फाटकापर्यंत सोडायला आला. त्यानं एवढंच विचारलं, "माझं चालणं नीट नव्हतं का?"

आत्यानं हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "दादा, उद्या परत जा. चालणं उत्तम होतं म्हणावं."

बाबा गेले. तेवढंच सांगून आले. आई मात्र चिडली होती. तिनं विचारलं, एवढा भला मुलगा, तुमच्यासाठी भर लोकांत चालला, मग नको का? आत्या म्हणाली, "वहिनी, सुई ओवल्यावर त्यानं ती कुणाला दाखवली?" "काकूंना," आई म्हणाली. मी दारामागून सगळं ऐकत होते, आणि मला वाटतं त्या दिवसापासून मी दारामागे उभी राहणं सोडलं. पुढे मला बघायला येणाऱ्यांना आईनं पोहे दिले, पण चालायला कुणाला लावलं नाही, मला तर नाहीच. तुमचे आजोबा स्वतःहून चालून दाखवायला तयार होते; मी म्हटलं, बसा, चहा गार होतोय. आत्यानंही लग्न केलं, पण चाळिशीत, तिच्याच शाळेतल्या चित्रकलेच्या सरांशी. त्यांना चालवायची गरज पडली नाही. त्यांचं चालणं ती रोज बघतच होती.

सिनेमा फार दिवस चालला नाही. जशुभाईंच्या गोदामात रिळं झालरींच्या गठ्ठ्याखाली होती, ती पुराच्या पाण्यात गेली. थिएटरच्या जागी साड्यांची दुकानं आहेत. दिवाळी अंक कसरीनं खाल्ला, आणि तो काढणारं मासिक केव्हाच बंद पडलं. आत्या माझ्याजवळ सुभानपुऱ्यात राहते. कानानं कमी ऐकते, गुडघे दुखतात. 'तपासणी'चा शेवट तिला शब्दन् शब्द पाठ आहे.